उंदरांचं माहेरपण

आमचे घरमालक खोली देताना एकच प्रश्न विचारायचे. पगार किती, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात, यातलं काही नाही. मी शाळेत नोकरी लागून नागपुरात आले, धरमपेठेत खोली शोधत फिरून राहिले होते, आणि एकटी मुलगी म्हटल्यावर दोन-तीन घरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून दार लावून घेतलं होतं. त्यानंतरच्या दारात हे उभे. खाकी हाफपँट, बंडी, ओठ झाकून टाकणाऱ्या पांढऱ्या मिशा आणि हातात कोबीचा पाला. मला म्हणाले, “मांजर आहे का?”

मी उन्हानं आणि अपमानानं आधीच तापलेली. म्हटलं, मांजर नाही, बोचकारायला मी एकटी पुरेशी आहे. ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, “मानसाचं चालते,” आणि किल्ली काढून दिली. भाडं किती, ते मलाच विचारावं लागलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सगळी गल्ली त्यांना रेंजरसाहेब म्हणायची, कारण उभी नोकरी त्यांनी जंगलखात्यात काढली होती. नवीन माणूस भेटला की हमखास वाघाचं विचारायचा. साहेब, वाघ किती पाहिले? साहेब, कधी समोरासमोर गाठ पडली का? रेंजरसाहेबांना या प्रश्नाचा भारी कंटाळा. “पाहिला गा वाघ,” ते म्हणायचे. “त्याले माही काही गरज नव्हती.” आणि मग विचारणाऱ्याच्या हातात एक गिनीपिग ठेवायचे. याला मात्र माणसाची गरज असते, असं सांगून त्याचे दात, नखं, कान, सगळं दाखवायचे. वाघ ऐकायला आलेला माणूस अर्ध्या तासानं उंदराचे केस विंचरून बाहेर पडायचा.

गिनीपिगला आमच्याकडे विलायती उंदीर म्हणत. शेपूट नाही, बुटके पाय, भुऱ्या-पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचं गुबगुबीत अंग. रेंजरसाहेबांच्या मधल्या खोलीत संत्र्याच्या पेट्या आडव्या लावलेल्या होत्या आणि त्यात धानाचं तणस घालून हे सगळं खटलं नांदत होतं. मागच्या पडवीत जाळीच्या पेटाऱ्यात पांढरे उंदीर वेगळे. सकाळी भाजीवाल्याची हाक आली की मधल्या खोलीतून कुईकुईचा असा कल्लोळ उठायचा की माझी झोप उडायची. पहिल्या आठवड्यात मी तक्रार केली. ते म्हणाले, “उपाशी पोरगं रडन नाही तं काय करन?” मग मीच भाजीवाल्याच्या आधी उठायला लागले.

ही जमवाजमव सुरू झाली रामटेकला. तिथल्या जत्रेत आकड्यांचा एक खेळ लागायचा. गोल मांडलेले डबे, प्रत्येकावर आकडा, आणि मधोमध टोपलीखाली विलायती उंदीर. लोकांनी आकड्यांवर पैसे लावायचे, टोपली उचलायची आणि घाबरलेलं जनावर ज्या डब्यात शिरेल तो आकडा जिंकला. एका वर्षी पोलिसांनी हा जुगार उधळला. खेळवाला पळाला आणि उंदरांची पेटी उन्हात तशीच राहिली. रेंजरसाहेब तेव्हा नुकते निवृत्त झालेले, बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं, कुणीतरी सांगितलं म्हणून रामाच्या दर्शनाला गेले होते. दर्शन राहिलं टेकडीवर, हे पेटी मांडीवर घेऊन एसटीनं घरी.

“त्याचा धंदाच घाबरायचा होता,” ते मला सांगायचे. “आता नाही घाबरायचं, म्हटलं तं एकदम जमत नाही त्याले. येळ लागते.” हे सांगताना ते एखाद्या जनावराला बंडीच्या आत छातीशी धरून बसलेले असायचे आणि त्यांच्या मिशांना तणस लागलेलं असायचं.

पुढे पांढरे उंदीर आले. लोक जत्रेतून मुलांसाठी हौसेनं जोडी आणायचे, जोडीची महिन्या-दोन महिन्यांत पलटण व्हायची आणि मग घरातल्या बाईचं डोकं फिरायचं. बरं, मारावे तर गणपतीचं वाहन. मग काय, गुपचूप खोक्यात घालून गणपतीच्या देवळात नेऊन सोडायचे. देवाचं देवाला दिलं, पाप नाही. देवळातला पुजारी बिचारा रडकुंडीला आलेला, नैवेद्याचा मोदक ठेवायची सोय राहिली नव्हती. त्याला रेंजरसाहेबांचा पत्ता कुणी दिला कोण जाणे. संकष्टी झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकाशी पुजाऱ्याची सायकल लागायची आणि हँडलला खोकं लटकलेलं असायचं.

त्यांचं सगळं करणं मी जवळून पाहिलं. रोज तणस बदलायचं, पाण्याची वाटी खळखळून धुवायची, लसूणघास आणि कोबीचा पाला निवडून द्यायचा, नर आणि मादी वेगळ्या पेट्यांत. नागपूरचा मे म्हणजे या जनावरांना सरळ मरणच. घरात कूलर एकच होता आणि तो उंदरांच्या खोलीला. फुटक्या माठांची अर्धुकं पालथी घालून, वर ओलं गोणपाट टाकून त्यांनी प्रत्येकाला गार घर करून दिलेलं होतं. स्वतः अंगणात बाजेवर, दुपारी झाडाखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन. माझी खोली भट्टी झालेली. मी म्हटलं, अहो, भाडं मी देते की ते देतात? तर शांतपणे म्हणाले, “तुमाले घाम येते मास्तरीनबाई. त्याइले येत नाही, ते मरतात.” दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या खिडकीला वाळ्याची टट्टी लावलेली दिसली. कोणी लावली, कधी लावली, काही बोलणं नाही.

पण रेंजरसाहेबांची खरी गंमत निराळीच होती. एवढं सगळं घरात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून बरं झालेलं, माणसाळलेलं जनावर चांगल्या घरी द्यायचं असा त्यांचा शिरस्ता. आणि देणं म्हणजे नुसतं देणं नव्हे. आधी स्थळ पाहायचं. स्वच्छ धोतर, काळी टोपी घालून ते त्या घरी जायचे, आणि बरोबर मला न्यायचे. “बाईमानूस असलं की घर आतून दिसते,” हे त्याचं कारण. रविवार आला की माझ्या दारावर टकटक. मास्तरीनबाई, चाला, एक स्थळ पाहून येऊ. शाळेतल्या मैत्रिणींना वाटायचं माझंच काहीतरी ठरून राहिलं आहे.

तिथे गेलं की चौकशी सुरू. घरात मांजर आहे का. दुपारी घरी कोण असतं. पेटी कुठे ठेवाल, तिथे मेमध्ये ऊन येतं का. एकटं जनावर मी देत नाही, दोघी बहिणी नेता का. मी तोवर पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जायचं, माठ धुतलेला आहे का, घरची बाई कशी बोलते, मोलकरणीला चहा कपात देतात की फुटक्या बशीत, सगळं पाहून यायचं. परत येताना रिक्षात ते विचारायचे, “आतून कसं आहे?” आणि माझ्या उत्तरावर स्थळाचं भवितव्य. एका गृहस्थानं वैतागून म्हटलं, आमच्या मुलीला पाहायला आले होते त्यांनी एवढं विचारलं नाही हो. रेंजरसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. “विचारायले पाहिजे होतं,” ते म्हणाले आणि उठले.

सिव्हिल लाइन्सकडच्या एका बंगल्यात तर चहा यायच्या आधीच उठले. बंगला मोठा, सावली दाट, मांजर नाही, मला तर वाटलं उंदरांचं नशीब उघडलं. पण यजमानांनी आत पाहून चुटकी वाजवली आणि त्यांची बायको पाण्याचा ट्रे घेऊन आवाज न करता आली. झालं. “चाला, मास्तरीनबाई.” मी रस्त्यावर म्हटलं, अहो, काय झालं काय? “ज्या घरची बाई पाय न वाजवता चालते,” ते म्हणाले, “तिथं उंदीर काय जगतील?”

चुका त्यांच्याही व्हायच्या. आमच्या चौकातल्या टेलरला त्यांनी दोघी बहिणी म्हणून दिल्या. दोन-अडीच महिन्यांनी टेलर पिशवी पोटाशी धरून आला. पिशवीत डोळे उघडे असलेली, केसाळ, जन्मतःच तुरुतुरु पळणारी पिल्लं. दोघींतली एक बहीण भाऊ निघाली होती. गल्ली पोट धरून हसली. रेंजरसाहेबांनी चूक कबूल केली असती तर ते रेंजरसाहेब कसले? “पहिलं बाळंतपन माहेरीच असते, आना इकडे,” म्हणून त्यांनी आई आणि पिल्लं ठेवून घेतली, भावाला निराळा केला. दुपारभर मात्र चष्मा लावून घरातलं प्रत्येक जनावर उलटं करून पाहत बसले होते.

आणि शेवटची अट. सगळं ठरलं, पेटी तयार झाली, की हे विचारायचे, “मे महिन्यात माहेरी पाठवाल का?” लोकांना वाटायचं गंमत करून राहिले. गंमत नव्हती. सुट्ट्या लागल्या, लोक गावी निघाले, की आमच्या फाटकाशी रांग लागायची. टेलरच्या घरच्या, पोस्टमनच्या घरच्या, डॉक्टरीणबाईंच्या घरच्या, सगळ्या माहेरवाशिणी खोक्यात, टोपलीत, पिशवीत बसून यायच्या. ज्यांना सवड नसे त्यांच्याकडे हे स्वतः मुराळी म्हणून जायचे. सासरी गेलेल्या मुलीला सणावाराला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. उंदराला आणायला मुराळी जातो हे मी फक्त आमच्या गल्लीत पाहिलं. प्रत्येकीला हातावर घेऊन वजन अजमावायचे, दात पाहायचे आणि एखादीला म्हणायचे, “वाळली वं माय.” पावसाळा लागून हवा गार झाली की तणसाची पेंढी आणि घरच्या बाईसाठी चोळीचा खण देऊन पाठवणी व्हायची.

मी पहिल्या वर्षी खूप हसले. दुसऱ्या वर्षी हसले नाही, कारण तोवर मला त्यांच्या मुलीचं कळलं होतं.

त्यांना एकच मुलगी, आणि तिचं सासर होतं बेस्याला. आता बेसा शहरातच आलं आहे, तेव्हा ते शेतांमधलं, संत्र्याच्या बगीच्यांमधलं गाव होतं, धरमपेठेतून सकाळी निघालं तर जेवायच्या आत पोचता यावं इतकं जवळ. पण लग्न झाल्यापासून, म्हणजे दहा-बारा वर्षं, ती एकदाही माहेरपणाला आलेली नव्हती. दोन्ही बाळंतपणं सासरी झाली. आई वारली तेव्हा सकाळी आली आणि संध्याकाळी तिला परत नेली.

कारण लग्नात घडलं होतं. मुलीचं लग्न मामानं आणि आईनं ठरवलं. रेंजरसाहेब तेव्हा दूर जंगलात, स्थळ पाहायला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी जंगलात वणवा पेटला. तो विझवून हे रातोरात निघाले आणि ऐन मुहूर्ताच्या आधी, काजळी लागलेल्या खाकी कपड्यांत मांडवात शिरले. घसा सुकलेला. पाण्याच्या रांजणांपाशी एक धोतर नेसलेला साधासा माणूस उभा होता, त्याला म्हणाले, “पानी आन गा लवकर.” त्या माणसानं लोटा भरून आणून दिला. ते नवऱ्या मुलाचे वडील होते. रेंजरसाहेबांनी व्याह्याला पाणक्या समजून पाणी आणायला लावलं, भर मांडवात, सगळ्या वऱ्हाडासमोर.

व्याही तिथे एक शब्द बोलले नाहीत. मुलीला घेऊन गेले आणि मग सून माहेरी पाठवली नाही. तिला भाऊ नाही, म्हणून बापच मुराळी व्हायचा. वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेला आणि दिवाळीला, रेंजरसाहेब बेस्याला जायचे. ओसरीवर बसायचे. चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, मुलगी पदर सावरून पाया पडून जायची, आणि व्याही सांगायचे, यंदा संत्र्याचं काम आहे. यंदा तुरीचं काम आहे. यंदा सासूचे गुडघे दुखून राहिले, घरात काम कोन करन. पुढच्या साली पाहू. निघताना संत्र्यांची पिशवी हातात. पाहुणचारात खोट नाही. रेंजरसाहेब ती संत्री स्वतः खायचे नाहीत, सालीसकट उंदरांना घालायचे. आणि लग्नातल्या त्या गोष्टीबद्दल दोघांपैकी कुणीही इतक्या वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. दोघेही मानी. मला तर कधी कधी दोघांचीही डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची.

मी तिथे राहत असताना तिसऱ्या उन्हाळ्यात बेस्याहून निरोप आला. व्याह्यांच्या धाकट्या नातीनं, म्हणजे रेंजरसाहेबांच्याही नातीनंच, कुणाकडे तरी विलायती उंदीर पाहिले होते आणि हट्ट धरला होता. आजोबा नातीच्या शब्दाबाहेर नाहीत. तेव्हा दोन उंदीर पाठवून द्यावे.

मला वाटलं हे आनंदानं चांगल्यातली चांगली जोडी काढतील. पण ते पेट्यांसमोर नुसते बसून राहिले. मग धोतर नेसले, टोपी घातली आणि माझ्या दारावर आले. पेटी घेतली नव्हती.

“चाला, मास्तरीनबाई. स्थळ पाहायचं आहे.”

टांगा जाईल तिथवर टांग्यानं गेलो, पुढे बगीच्यांमधून चालत. वाडीवर व्याही दारातच उभे होते. साधेच, सडपातळ, पायात जोडा नाही. त्यांना पाहून मला पहिल्यांदा कळलं की रांजणाजवळ माझीही तीच चूक झाली असती. ओसरीवर सतरंजी टाकली होती. रेंजरसाहेब बसले आणि इतर कुठल्याही घरी विचारतात तसंच सगळं त्यांनी क्रमानं विचारायला सुरुवात केली. मांजर आहे का. दुपारी घरी कोन असते. पेटी कुठं ठेवाल. व्याह्यांना मौज वाटली, त्यांनी उत्तरं दिली. मी ठरल्याप्रमाणे पाणी प्यायला आत गेले.

स्वयंपाकघर लख्ख सारवलेलं होतं. रेंजरसाहेबांची मुलगी चुलीपुढे भाकरी थापत होती. कपाळ बापाचं. टोपलीत भाकऱ्यांची चळत लागली होती आणि परातीत अजून तेवढंच पीठ होतं. बाजूला पाटावर सासू तूर निवडत बसली होती. मी कोण ते मुलीला ठाऊक असावं, कारण तिनं हात न थांबवता विचारलं, बाबा जेवतात का वेळेवर? खोकला गेला का? मग हळूच हसून म्हणाली, “आमच्या गावात सारे हसतात. माहे बाबा उंदराइले माहेरी आनतात म्हनून.”

मी माठातून पाणी घेतलं. तीच पुढे म्हणाली, “चांगलं आहे. कोनी तं येते.”

एवढंच. तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. भाकरी तव्यावर टाकली आणि पुढचा गोळा घेतला. माझ्या मात्र अंगाची आग झाली. मी तशीच ओसरीवर आले. रेंजरसाहेबांनी सवयीनं मान वर करून विचारलं, “आतून कसं आहे?” हा प्रश्न रस्त्यावर विचारायचा असतो, पण त्यांचंही भान सुटलं असणार. आणि मी काही मुळातच गप्प बसणारी नाही. म्हटलं, घर चांगलं आहे. स्वच्छ आहे. पण तुमची मुलगी म्हणाली, उंदीर माहेरी येतात ते चांगलं आहे, कोणी तरी येतं.

व्याह्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आतला भाकरीचा आवाजही थांबला होता. रेंजरसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी या घरी उंदीर नाही देत,” ते म्हणाले.

व्याही ताडकन म्हणाले, “काहून? काय खोट आहे माह्या घरात?”

“खोट नाही. जिथून परत येऊ देत नाही तिथं मी उंदीर देत नाही. पोट्टी देऊन बसलो. न पाहता देल्ली.” ते व्याह्यांकडे वळले. “चूक माही आहे, इवाई. मी तवा पाहायले आलो असतो तं तुमाले ओळखलं असतं. आलोच नाही, म्हनून पानी मागितलं. इतकी वर्सं तुमच्या ओसरीवर येऊन बसतो आन हेच सांगायचं राहून जाते.”

व्याह्यांनी खाली पाहिलं. बोटानं सतरंजीचा दोरा ओढत राहिले. माझ्या मनात आलं की आता हा माणूस उठून आपल्याला वाट दाखवणार, आणि हे सगळं माझ्या जिभेमुळे.

पण उठून आली ती सासू. गुडघ्यावर हात टेकत उंबऱ्यापर्यंत आली आणि नवऱ्याला म्हणाली, “इतकी वर्सं मी ते पान्याचं ऐकून राहिली. येका लोट्यानं झिजले का तुमी?” मग आत वळून सुनेला म्हणाली, “ठेव ते पीठ तसंच. मी थापतो. तू तुहं बोचकं बांध.”

व्याह्यांनी हातातला सतरंजीचा दोरा सोडला. शेवटी रेंजरसाहेबांकडे न पाहता गड्याला हाक मारून म्हणाले, बैल आण, दमणी जुंप. आणि बसायला गादी टाकजो, ऊन आहे. एवढी त्यांची माफी आणि एवढाच त्यांचा होकार. उंदरांचं पुढच्या महिन्यात रीतसर झालं, दोघी बहिणी गेल्या आणि या वेळी दोघी खरंच बहिणी होत्या, पण त्या दिवशी उंदरांची आठवण कुणालाच राहिली नाही.

परत येताना रेंजरसाहेब पुढे गाडीवानाशेजारी बसले. मागे मी, मुलगी आणि तिच्या कुशीत नात. तिचा मोठा मुलगा बेस्यालाच, त्या आजोबांजवळ राहिला. बापानं सबंध रस्ता एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नंतर मला म्हणाले, मागं पाहिलं आन कोनी तिले परत बोलावून घेतलं तं. या वयाच्या, जंगलात आयुष्य काढलेल्या माणसाचं हे बोलणं. मी हसले आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी पोचलो तर दारातच अडलं. मुलगी माहेरी आली की भाकरतुकडा ओवाळून टाकतात. घरात बाई नाही. उंदराच्या नखांपासून बाळंतपणापर्यंत सगळं येणारा हा माणूस गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, तुम्हीच ओवाळा, तुमची मुलगी आहे. त्यांनी माझ्या डब्यातली शिळी पोळी घेतली, तिच्या तोंडावरून तीनदा ओवाळली, उलटीच फिरवली, आणि तिच्या पायांवर सगळा तांब्याच उपडा केला. ती हसायला लागली. हसता हसता तिचं रडू सुरू झालं आणि मग ते बराच वेळ थांबलं नाही. हे रिकामा तांब्या धरून तिच्यासमोर तसेच उभे. “ये माय,” एवढंच म्हणत होते. “ये. ये.”

नात उंदरांच्या खोलीत गेली ती बाहेर यायचं नाव घेईना. मुलगी घरभर फिरली, आईचा फोटो पुसला, दोन घास खाल्ले, आणि पुढच्या खोलीत आईच्या पलंगावर जरा टेकते म्हणाली. टेकली आणि झोपली.

मी पाच वाजता चहा घेऊन गेले तेव्हा रेंजरसाहेब पुढच्या खोलीच्या बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. संध्याकाळच्या भाजीवाल्याला त्यांनी हातानंच गल्लीच्या टोकाला परत पाठवलं होतं. पोस्टमन आला तर पत्र हातात घेऊन बोट ओठांवर ठेवलं. मी कुजबुजत म्हटलं, उठवू का? जेवलीसुद्धा नाही धड. चहा निवून जाईल.

त्यांनी मान हलवली.

“झोपू द्या,” ते म्हणाले. “आज तिले काही काम नाही.”

मी कप खाली ठेवला आणि पायरीवर बसले. दिवे लागायची वेळ झाली. ती झोपलेलीच होती, आणि ते दारापुढून हलले नाहीत.